सोपाऱ्याची हद्द आखा

नालासोपारा स्टेशनला पश्चिमेकडे उतरा आणि रिक्षावाल्याला सांगा, सोपारा गावात जायचंय. तो बरोबर नेऊन सोडतो. गाव कुठे लागते हे त्याला ठाऊक आहे. तिथल्या वाडवळाला, कोळ्याला, कोकणी मुसलमानालाही ठाऊक आहे. शहराचे नियोजन करणाऱ्यांनी मात्र हे गाव गाव म्हणून कधी मोजलेच नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व ५३ गावे एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. पुढचे हद्दीचे भांडण साऱ्या तालुक्याने पाहिले. गावे वगळा म्हणून लोक रस्त्यावर उतरले. २०११ मध्ये सरकारने २९ गावे वगळायचे ठरवले, प्रकरण हायकोर्टात अडकले आणि २०२४ मध्ये सरकारनेच ती गावे महापालिकेत कायम केली. गाव आत की बाहेर, एवढ्याच प्रश्नावर इतकी वर्षे गेली. आत गेलेल्या गावाचे गावपण कोण राखणार, हा प्रश्न तसाच राहिला. सोपारा तर या भांडणातही नव्हता. तो आधीच नगरपालिकेत मुरला होता.

आणि हा सोपारा म्हणजे कोण? मुंबई सात बेटांवर विखुरलेली होती तेव्हा इथे समुद्रापलीकडून माल उतरत होता. महाभारतात शूर्पारक आहे, ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये सुप्पारा आहे, अरब प्रवाशांच्या लिखाणात सुबारा आहे. सम्राट अशोकाने आपले शिलालेख कोरायला हे ठिकाण निवडले. त्यातल्या आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सापडला, नवव्याचा १९५६ मध्ये शेजारच्या भुईगावात.

त्याच १८८२ च्या एप्रिलमध्ये भगवानलालांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणतात ती टेकडी खणली. आत विटांचा स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी होती, तिच्यात तांब्याचा करंडक आणि भोवती कोंडाळे करून बसलेल्या आठ कांस्यमूर्ती: सात बुद्ध आणि पुढे येणारा मैत्रेय. तांब्यात चांदी, चांदीत दगड, दगडात स्फटिक, स्फटिकात सोने, असे एकात एक करंडक. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याच्या खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून कुणीतरी त्या एवढ्या जिवापाड जपून ठेवल्या होत्या. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले. हा ठेवा मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे गेला. सोपाऱ्यात राहिली टेकडी.

टेकडीला संरक्षण आहे, नाही असे नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. पण हा नियम स्मारकापुरता आहे. सोपारा म्हणजे एक टेकडी नव्हे. चक्रेश्वराचे तळे आणि काठावरच्या जुन्या मूर्ती सोपाऱ्यातच आहेत. भातेला तळ्याचा परिसर, गावठाणातल्या गल्ल्या, दर्गे, वाड्या आणि बंदरापर्यंत गलबते आणणाऱ्या खाडीचा गाळाने भरलेला भाग, हे सगळे मिळून सोपारा होतो. मीटर मोजून आखलेल्या पट्ट्यात हे गाव मावत नाही. पट्ट्याबाहेर पाया खणताना जुनी वीट लागली, तर ती भरावात जाणार की कुणाच्या नजरेस पडणार, हे त्या दिवशी जेसीबीवर बसलेल्या माणसावर अवलंबून. दोन हजार वर्षांच्या गावाला एवढाच आधार असावा?

कागदावर रेघ ओढून काय होते, असे कुणी म्हणेल. म्हणायला जागाही आहे. याच नालासोपाऱ्याच्या पूर्वेला सांडपाणी प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. शेवटी हायकोर्टाच्या आदेशाने त्या पाडल्या आणि आयुष्याची पुंजी घातलेली कुटुंबे रस्त्यावर आली. आरक्षण असून ही गत झाली. ज्या जागेवर रेघच नाही तिथे काय होईल, याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको.

म्हणून मागणी सरळ आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक ठिकाणांच्या जतनाची तरतूद करता येते. ती वापरा. सोपाऱ्याचे गावठाण, तळी, टेकड्या आणि खाडीचा जुना पट्टा मिळून एक वारसाक्षेत्र आखा. त्यात खोदकामाआधी पुरातत्त्व तपासणी सक्तीची करा.

गावठाणातल्या लोकांना यात धाक वाटतो, आणि तो खोटा नाही. वारसा म्हटले की छप्पर बदलायलाही दहा कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. तेव्हा घरदुरुस्तीची परवानगी वॉर्ड ऑफिसातच, ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाव राखले त्यांनाच जाच होणार असेल, तर असली हद्द मलाही नको.

हद्द आखायची ती कुणाला बाहेर ठेवायला नव्हे. नोकरीसाठी आलेला, पूर्वेला परवडेल ते घर घेऊन राहिलेला माणूसही आता नालासोपाऱ्याचाच आहे. त्याची मुले इथल्या शाळेत शिकतात. त्यांची सहल दोन-चार किलोमीटरवरच्या स्तूपावर जायला हवी. तिथे मराठी-हिंदीत नीट माहिती देणारा फलक हवा, आणि सोपाऱ्याच्या वस्तू मांडायला सोपाऱ्यातच जागा हवी. मूळ ठेवा मुंबईतच राहणार असेल, तर हुबेहूब प्रतिकृती तरी इथे आणा.

सिडकोने केलेला आराखडा २०२१ पर्यंतचा होता. त्याची मुदत संपली. नव्या आराखड्यात सोपाऱ्याची हद्द नसेल, तर हरकती-सूचनांच्या मुदतीत पहिला अर्ज माझा असेल. वसईकरांनो, दुसरा तुमचा येऊ द्या.