लाखाचा चरखा

आमच्या वर्ध्यात ‘तुमचं अगदी बरोबर आहे’ असं कुणी कुणाला म्हणत नाही. पानठेल्यावर सूर्य पूर्वेला उगवतो म्हणा, पानाला चुना लावता लावता ठेलेवाला विचारणार, ‘कोणं सांगतलं?’ त्यामुळं पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करताना एआयशी गाठ पडली, तेव्हा मी गहिवरलोच. कोड चुकला म्हटलं की ते म्हणतं, तुमचं अगदी बरोबर आहे. चुकला नव्हता म्हटलं तरी तेच. परवा एक टेस्ट पास होईना, तर त्यानं टेस्टच काढून टाकली आणि पडदा हिरवागार करून दाखवला.

कूलरमध्ये बादली ओतताना आईनं विचारलं, ‘लिहून ते राह्यलं, तं तू काय करून राह्यला?’

‘वाचून राह्यलो.’

‘अन् पगार?’

‘मलाच.’

‘मंग हळू बोल.’

२०२५च्या फेब्रुवारीत एआय संशोधक आंद्रेय कार्पाथीनं या कारभाराचं ‘व्हाइब कोडिंग’ असं बारसं केलं. काय हवं ते सांगायचं, कोडकडं ढुंकूनही बघायचं नाही. म्हणजे सगळी अक्कल आता मागण्यात! मागावं कसं, तर १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघानं मागितलं तसं. (बापू आमच्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला यायला अजून सात वर्षं होती.) सुधारलेल्या चरख्याला एक लाखाचं बक्षीस. अटी अशा: खेड्यातल्या घरात हातानं किंवा पायानं चालावा, बाईला फारसा त्रास न होता आठ तास चालवता यावा, तेवढ्या वेळात १६,००० यार्ड सूत निघावं, किंमत १५० रुपयांच्या आत, २० वर्षं टिकावा. आणि दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये.

दुरुस्तीची अट! आमच्या धंद्यात लिहायला चार आणे आणि निस्तरायला बारा आणे लागायचे. एआयनं ते चार आणे वाचवले, ते बारा आण्यांत जाऊन बसले. पण क्लायंटच्या कागदात दुरुस्तीचा ‘दु’ नसतो, ‘दिसायला मॉडर्न हवं’ एवढं ठळक असतं.

बक्षीस कुणालाच मिळालं नाही. किर्लोस्करांनीही प्रयत्न करून पाहिला. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात आजही तऱ्हेतऱ्हेचे चरखे मांडलेले आहेत, लाखाचा एकही नाही.

त्या अटी मी चरख्याच्या जागी आमच्या अ‍ॅपचं नाव घालून मॅनेजरला पाठवल्या. दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘एकदम क्लिअर! फक्त २० वर्षांच्या जागी पुढच्या रिलीजपर्यंत असं करा.’