बोर्डोहून आबांस

सेंट-एमिलिऑन, सप्टेंबर

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

पत्र आधी एकट्यानं वाचा. आई माळकरी, तेव्हा तिला वाचून दाखवताना जिथं जिथं ‘वाईन’ येईल तिथं ‘द्राक्षरस’ म्हणा.

तुमच्या जावयांनी ही सुट्टी निवांतपणासाठी आखली होती. उशिरा उठायचं, एखादा शॅटो बघायचा, चार घोट चाखायचे आणि दुपारी झाडाखाली आडवं व्हायचं. बायको तासगावची आहे, हे तेवढं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. पहिल्याच शॅटोत बाकीचे पाहुणे झुंबरं बघत होते आणि मी बाहेर दोन ओळींच्या मधे उकिडवी बसून पानं उलटी करून भुरी आहे का बघत होते. माहिती सांगणाऱ्या बाईंना वाटलं मला भोवळ आली. बिचाऱ्या पाणी घेऊन धावल्या.

इथं मांडव नाही, आबा. वेल कमरेएवढी, तारेला बांधलेली, घड गुडघ्याशी. मेदोक भागात तर दोन ओळींत जेमतेम मीटरभर अंतर आणि हेक्टरी दहा हजारांपर्यंत वेली! तुमचा ट्रॅक्टर तिथं शिरणारच नाही. म्हणून यांचा ट्रॅक्टर अख्ख्या ओळीच्या डोक्यावरून चालतो, दोन्ही बाजूंना तंगड्या फाकून, आणि ड्रायव्हर वर माडीत बसल्यासारखा. ठिबकची नळी शोधून सापडली नाही. विचारलं तर म्हणाले, वेलीला पाणी द्यायला एरवी बंदी, फारच दुष्काळ पडला तर परवानगी काढायची. मणी वाटाण्याएवढे, काळे, बियांचे. तुम्ही असता तर “मणी फुगवायला जीए द्यायचं राहिलं काय?” म्हणून विचारलंच असतंत. ओळखीचं एकच निघालं, खुंट. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीनं मुळं खाऊन फ्रान्सच्या बागा झोपवल्या, तेव्हा अमेरिकी खुंटांवर कलमं बांधून त्या पुन्हा उभ्या केल्या. आपला डॉगरिजही अमेरिकेचाच.

बाग दाखवायचे हे लोक माणशी पैसे घेतात. मातीचं ढेकूळसुद्धा काचेच्या भांड्यात मांडून ठेवलंय. तुम्ही मात्र आल्यागेल्याला चहा पाजून वर दोन किलो द्राक्षं बांधून देता. जरा विचार करा.

चाखण्याचा कार्यक्रम बघण्यासारखा असतो. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग बघायचा, मग गरगर फिरवून त्यात नाक घालायचं. घोट तोंडात घेऊन वर आवाज करत हवा ओढायची. असा आवाज मी ताकाच्या वाटीशी केला असता तर आईनं पाठीत धपाटा घातला असता. आणि शेवटी सगळं पिकदाणीत थुंकायचं! चांगला सूट घातलेली माणसं लांबून नेम धरून थुंकत होती. आपले चिरंजीव भारावून गेलेत, आता दूधही तसंच पितात. बाईंनी विचारलं, कसला वास येतो? कुणी म्हणालं तंबाखू, कुणी चामडं, कुणी पेन्सिलीचं शिसं. जावई डोळे मिटून “ओलं जंगल” म्हणाले आणि वाहवा मिळवली. मला द्राक्षाचा वास आला, पण बोलायचं धाडस झालं नाही.

आईला हे अजिबात सांगू नका: लाल वाईन निवळायला त्यात अंड्याचा पांढरा बलक घालायची इथली जुनी पद्धत आहे. उरलेल्या पिवळ्या बलकातून कानेले नावाचा इथला गोड केक जन्मला, असं सांगतात. म्हणजे माळेला दोन्हीकडून धोका.

प्रतवारीची गंमत ऐका. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी इथल्या दलालांनी मेदोकच्या लाल वाईनींचे पाच दर्जे लावले, तेही बाजारभावावरून. दुसऱ्या दर्जातून पहिल्यात चढलेला शॅटो एकच, मुतों रोथशिल्ड, तोही १९७३ साली. दलालानं एकदा ठरवलं की पुढच्या पिढ्यांनी काय ते निस्तरायचं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता खरी बातमी. तुम्ही मोरचूद आणि चुना कालवून जे बोर्डो मारता ना, ते याच शिवारातलं! १८८२ साली मिलार्दे नावाचे प्राध्यापक मेदोकमधल्या सेंट-ज्युलियाँ गावातून चालले होते. डाऊनी रोगानं बागांची पानगळ झालेली, पण रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या हिरव्यागार, पानांवर निळसर डाग. चौकशी केली तर कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून कडेच्या वेलींना मोरचूद-चुना फासलाय, विषारी वाटावं म्हणून. त्यावरून प्रयोग करून त्यांनी १८८५ साली मिश्रण जाहीर केलं. शाळा सुटली की तुम्ही बांधावर उभे राहून “औषध मारलंय रे, मराल!” म्हणून ओरडायचात, तेच. फरक इतकाच की इथं ते बघायला नेमका प्राध्यापक आला.

सेंट-एमिलिऑनला एकाच खडकात कोरलेलं, जमिनीखालचं चर्च आहे. जावई थक्क झाले. मी वेरूळ पाहिलंय म्हणून गप्प राहिले.

तुम्ही मागितलेली मेर्लोची काडी मिळणार नाही. तपासणीच्या कागदांशिवाय रोपाची काडी भारतात आणता येत नाही, आणि जावई ती मोज्यात लपवायला तयार नाहीत. मी विचारून बघितलं.

तुमची,
ताई

ता. क. गोडी छाटणीची तारीख धरलीत की कळवा. यंदा त्या वेळी येऊ म्हणते. जावयांना कात्री देऊ, ओल्या जंगलाचा वास तिथंही येतो का बघू दे.