गाणं नाही हो, मागचं

सवाईच्या मध्यंतरात हातात कॉफीचा कागदी कप असताना कुणी "मग, सध्या काय ऐकताय?" असं विचारलं, की माझी पंचाईत होते. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असतं. मी किराणा म्हणावं, त्यांनी जयपूर म्हणावं आणि मग दोघांनी मिळून हल्लीच्या पेटीवाल्यांना नावं ठेवावीत, असा तो शिरस्ता. मागच्या खेपेला मात्र माझ्या तोंडून खरं निघून गेलं.

"मोरिकोने," मी म्हटलं.

गृहस्थांनी भुवया आक्रसल्या. "धारवाडकडचे का?"

"नाही, इटलीचे. सिनेमाला संगीत द्यायचे."

"हां, म्हणजे गाणी."

"गाणी नाही हो, मागचं."

"मागचं म्हणजे?"

"म्हणजे तो घोडेस्वार वाळवंटातून एकटाच येत असतो ना, तेव्हा जे वाजत असतं, ते."

गृहस्थांची कॉफी अर्धी उरली होती. तरी त्यांना पलीकडे अचानक कुणीतरी ओळखीचं दिसलं.

त्यांना दोष देत नाही. या बाबतीत आपल्या भाषेनेच घोळ घालून ठेवला आहे. लता मंगेशकरांना आपण पार्श्वगायिका म्हणतो. ज्या आवाजापुढे पडद्यावरची नायिका नुसते ओठ हलवत राहिली, तो म्हणे पार्श्व! आणि जे खरोखरच दाराआड उभं असतं, नायकाचे डोळे भरून आले की आतून हळूच पाण्याचा तांब्या पुढे सरकवतं, त्याला पार्श्वसंगीत म्हणावं तर ऐकणाऱ्याला गाणीच आठवतात. म्हणून आम्ही आपलं 'मागचं' म्हणतो.

आम्ही म्हणजे चौघं. मी, दातांची डॉक्टर असलेली माझी शाळेतली मैत्रीण, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि माझा भाचा. दर रविवारी सकाळी साडेआठला कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात जमायचं आणि आठवडाभर काय ऐकलं ते एकमेकांना सांगायचं, एवढाच कार्यक्रम. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. चहाचे पैसे भाचा सोडून सगळे आळीपाळीने देतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण सांगून बघा. गाण्याचं बरं असतं. पहिली ओळ गुणगुणली की समोरचा दुसरी ओळ घेतो. मागच्याला ओळच नाही. त्यामुळे जे काय असेल ते तोंडाने वाजवून दाखवावं लागतं. सत्तरीला टेकलेला, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं लावलेला माणूस बाकड्यावर बसून "पोंऽऽ… पोंऽ पों पों" असा तुतारीचा आवाज काढतोय आणि समोरची बाई गंभीरपणे "नाही काका, तिसरा पों कोमल आहे" असं म्हणतेय, हे दृश्य आमच्या चहावाल्याने आता स्वीकारलंय. तो खाली मान घालून आलं कुटत राहतो. एकदा मैत्रीण 'जॉज'मधला शार्क सांगत होती. दोनच सूर, ढं-डं, ढं-डं. तेवढ्यात खलबत्ता नेमका त्याच लयीत पडायला लागला. शेजारच्या बाकावरचा एक शाळकरी मुलगा आईला चिकटून बसला.

जॉन विल्यम्सनी १९७५ साली हे दोन सूर पियानोवर वाजवून दाखवले, तेव्हा स्पीलबर्गना वाटलं की हा थट्टा करतोय, आणि ते हसले. ही गोष्ट कळल्यापासून आम्हाला फार धीर आला आहे. प्रत्यक्ष कर्त्यालाही लोक तोंडावर हसले होते, मग आमचं काय घेऊन बसलात! 'मालगुडी डेज'च्या एल. वैद्यनाथनांचे मात्र आमच्यावर उपकार आहेत. त्यांनी धूनच 'ताना नाना'त बांधून दिली. ती चारचौघांत म्हटली तरी माणूस शहाणा वाटतो.

म्हणून दाखवायचं नसेल, तर रेकॉर्डवरच्या तुकड्याचं नाव सांगता येतं. पण त्यातही धोका. १९९९ मध्ये 'स्टार वॉर्स'चा नवा भाग येणार होता. त्याच्या संगीताची सीडी सिनेमाच्या काही दिवस आधीच बाजारात आली आणि तिच्या पाठीवर एका तुकड्याचं नाव छापलेलं होतं: क्वाय-गॉनचा उदात्त अंत. लोक सोळा वर्षं सिनेमाची वाट बघत होते, आणि मधलं एक प्रमुख पात्र मरतं हे त्यांना दुकानात, पैसे द्यायच्या आधीच कळलं. गाणी ऐकणाऱ्यांवर असा प्रसंग येत नाही.

मैत्रिणीचं दैवत बर्नार्ड हरमन. 'सायको'ला (१९६०) त्यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली. न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको, असं खुद्द हिचकॉकचं म्हणणं होतं. हरमननी तरीही ते करून ठेवलं, हिचकॉकनी ऐकलं आणि स्वतःचा शब्द मागे घेतला. मैत्रीण हे घरी ऐकते. दवाखान्यात बासरी लावते. "माझं ड्रिल आणि त्या व्हायोलिनी एकाच पट्टीत आहेत," ती म्हणते. "पेशंटला तुलना करायची संधी कशाला द्या?"

काकांची तऱ्हा वेगळी. त्यांनी आयुष्यभर खातेवह्या जुळवल्या, म्हणून याचंही खातं ठेवलंय. बँकेच्या जुन्या डायरीत तारखेच्या जागी सिनेमाचं नाव, मग किती मिनिटांनी, कोणतं वाद्य, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. 'पथेर पांचाली'ला चार पानं आहेत. रविशंकरांनी त्याचं जवळजवळ सगळं संगीत एका बैठकीत, रात्रभर जागून, अकराएक तासांत उरकलं. याचं काकांना भारी कौतुक. "एकतीस मार्चला आम्हाला तेवढाच वेळ लागायचा," ते म्हणतात, "आणि शेवटी काही पैशांचा फरक राहायचाच." त्यातली एक नोंद मात्र त्यांनी आम्हाला कधी म्हणून दाखवली नाही. दुर्गा गेल्यावर हरिहर परत येतो, तिच्यासाठी आणलेली साडी दाखवतो, आणि सर्वजया कोसळते. आईचं तोंड उघडलेलं दिसतं, पण रडणं ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई आहे. डायरीत तिथे शेऱ्याचा रकाना कोरा आहे. मी एकदा विचारलं, तर काकांनी बशीत चहा ओतला आणि तो निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.

मी स्वतः त्या मानाने उथळ श्रोता. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या (१९६८) वेळी मोरिकोनेंनी संगीत आधी केलं, आणि दिग्दर्शक लिओनेंनी ते शूटिंगच्या जागी लावून त्यावर नटांना चालवलं. म्हटलं, आपणही करून बघावं. कानात ते लावून मंडईत शिरलो. काय सांगू! पाय आपोआप सावकाश पडायला लागले. डोळे बारीक झाले. कोथिंबिरीच्या ढिगाशी थांबून मी भाजीवाल्या मावशींकडे अर्धा मिनिट नुसतं रोखून पाहिलं. त्यांनीही पाहिलं. "घ्यायचीय का नुसती बघायचीय?" त्यांनी विचारलं. जुडी दहा रुपयांनी महाग पडली, असा माझा अंदाज आहे.

हल्ली हे सगळं फोनवर मिळतं. माझ्या लहानपणी मिळत नव्हतं. आपल्याकडे रेकॉर्डी निघायच्या त्या गाण्यांच्या. 'शोले'च्या संवादांचीही रेकॉर्ड निघाली, आणि ती गल्लोगल्ली वाजली. लोक गब्बरसाठी ऐकायचे. मी गब्बरच्या मागे जे घुमतं, त्यासाठी. त्याने बोलायचं थांबावं, म्हणजे आर. डी. बर्मन नीट ऐकू येतील, असं मला वाटायचं. जय पायरीवर बसून वाजवतो तो माउथ ऑर्गन खरा भानू गुप्तांचा, हे कळायला तर पुढे कितीतरी वर्षं गेली. वाजवणाऱ्यांची नावं सांगायची पद्धतच नव्हती. गावातल्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले किती गोवेकर मुंबईच्या स्टुडिओंत आयुष्यभर वाजवत राहिले. त्यांतले एक माजोर्ड्याचे, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे. शिष्याने 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) गुरूचं नाव एका गाण्यात घातलं, अमिताभ भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येऊन ते नाव सांगून गेला, आणि अख्ख्या देशाला वाटलं की अँथनी गोन्साल्विस हे नाव कुणीतरी गंमत म्हणून रचलंय.

तर आमच्याकडे उपाय एकच, टेपरेकॉर्डर टीव्हीसमोर धरणे. 'ब्योमकेश बक्षी'चं आनंद शंकरांनी केलेलं शीर्षकसंगीत मी १९९३ साली असंच कॅसेटवर घेतलं. सगळ्यांना तंबी दिली होती. कुणी बोलायचं नाही, कुणी खोकायचं नाही. बाबा श्वासही बेताने घेत होते. लाल आणि काळं अशी दोन बटणं एकदम दाबली, सुरुवात झकास झाली, आणि ऐन भरात स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी. मी इतका चिडलो की त्या रात्री वरणभात जेवलो नाही. पुढे ती कॅसेट मी शेकडो वेळा ऐकली. आता फोनवर तीच धून स्वच्छ मिळते, पण त्या जागेवर आलं की मी अजून शिट्टीची वाट बघतो. ती येत नाही. काहीतरी चुकल्यासारखं होतं.

आमच्या आईला या संगीताचं वावडं नव्हतं, फक्त तिचे प्रश्न व्यवहारी असत. "एवढं ओसाड वाळवंट, मग तिथे वाजंत्री कुठून आली?" हे तिने मला कितीदा विचारलंय. असाच प्रश्न हिचकॉकनेही एका सिनेमाच्या वेळी काढला होता म्हणतात. माणसं भर समुद्रात होडीत आहेत, तिथे वाद्यवृंद कुठून येणार? त्यावर डेव्हिड राक्सिन या संगीतकाराने निरोप धाडला, की आधी तिथे कॅमेरा कुठून आला ते सांगा, मग मी सांगतो. हे उत्तर मी आईला ऐकवलं. "कॅमेरा त्यांनी नेला असेल," ती म्हणाली, "एवढी माणसं होडीत मावतील का?"

भाचा ऐकतो ते गेममधलं. काकांना पहिल्यांदा हे पटेना. सिनेमाचं संगीत निदान संपतं. याला शेवटच नाही. खेळणारा केव्हा जिंकेल, केव्हा मरेल, की नुसताच झाडाखाली उभा राहील, हे संगीतकाराला ठाऊक नसतं. म्हणून धून अशी रचायची, की ती फिरून पहिल्या सुराला कधी आली ते कळू नये. "म्हणजे भजनी ठेका," काका म्हणाले, आणि तेव्हापासून त्यांनी डायरीत एक नवं खातं उघडलं. २३ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या संचलनाला जपान्यांनी गेममधल्याच धुना वाजवल्या, सुरुवात 'ड्रॅगन क्वेस्ट'पासून. घरचे सगळे भारताचा झेंडा केव्हा येतो म्हणून डोळे लावून बसले होते. मी आणि भाचा टीव्हीकडे पाठ करून धून ओळखत होतो.

माझी या प्रकाराशी ओळख जुनी. शाळेत असताना घरात टीव्हीला जोडायचा गेम आला. त्याची कॅसेट चालली नाही तर काढायची, खालच्या फटीत जोरात फुंकायचं, परत खुपसायची. वर '९९९ गेम्स' असं लिहिलेलं, आत खरे पाचसात. त्यात मारिओ. कोजी कोंदोंनी १९८५ साली त्याचं संगीत तीन सूर आणि एक खरखर एवढ्या सामग्रीत बसवलं. खेळायचो मी, ऐकायची आई. तिची पाठ टीव्हीकडे, तोंड गॅसकडे. तिने तो मारिओ डोळ्यांनी कधी धड पाहिला नसेल, पण कानाने तिला सगळं कळायचं. जमिनीखाली गेलो की, "तळघरात गेला वाटतं." घड्याळ शंभराच्या खाली आलं की धून भराभर पळायला लागते, तेव्हा तिचं लाटणंही पळायचं आणि त्या वेळची पोळी नकाशासारखी व्हायची. पाण्यातली धून तिची आवडती. "हा दादरा आहे," ती म्हणायची. भजनी मंडळात टाळ धरते, तिला कळणारच. आणि मरतानाची ती छोटी घसरगुंडी वाजली, की ती पान मांडायची. "हरलास ना? ये आता."

२०२३ साली अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने मारिओची ती मूळ धून देशाचा ठेवा म्हणून जतन केली. गेमच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला. मी धावत जाऊन आईला सांगितलं.

"त्यांनी जपून ठेवलं?" ती म्हणाली. "त्याच्यापायी मी तुला सहामाहीत चोपून ठेवलं होतं."

गेल्या शनिवारी रात्री, उद्या चहाच्या वेळी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत मी स्वयंपाकघरात फोन लावून बसलो होतो. मारिओचीच पाण्यातली धून, पण खऱ्या वाद्यवृंदाने वाजवलेली. व्हायोलिनी, बासऱ्या, सगळा थाट. आई मेथी निवडत होती. तिला आता ऐकू कमी येतं, म्हणून मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने बघतो, तर तिचं बोट ताटाच्या काठावर पडत होतं. धा धी ना, धा ती ना.

"पाण्यातलं ना हे?" ती म्हणाली. "इथंच बुडायचास तू."

मी ऐकत राहिलो. वाद्यवृंदाला कुठेतरी थांबावंच लागतं, तसा तो थांबला.

"संपलं?" आई देठं गोळा करत उठली. "मग पाट घे. पान वाढते."