आत्ताच तर टायर बदललेत

ठाणे, कोथरूड, नाशिकचा गंगापूर रोड, गाव कुठलंही घ्या. वीस-पंचवीस वर्षं जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला खेटून कापडी कव्हराखाली एक गाडी उभी असतेच. कव्हराला खालून नाडी, नाडीला सुरगाठ आणि आरशांच्या जागी कापड विरू नये म्हणून घरच्या मशीनवर मारलेली ठिगळं. रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास मालक खाली उतरतात, कव्हराची ठरलेली घडी घालतात आणि आतून २००४ सालची चंदेरी होंडा सिटी बाहेर येते. बॉनेट उघडतं. डिपस्टिक जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसली जाते, परत आत जाते, परत बाहेर येते आणि रक्ताचा रिपोर्ट उजेडाकडे धरावा तशी धरली जाते. मग दूध घेऊन येणारा, कुत्रं फिरवणारा, जो कोणी जवळून जात असेल त्याला ऐकू जाईल अशा बेतानं काका म्हणतात, "इंजिन अजून मक्खन आहे बरं का!"

सोसायटी या काकांना हसते. हसण्याजोगं त्यांच्यात पुष्कळ आहे आणि ते मी पुढे सांगणारच आहे. पण चांगली मधल्या आकाराची सेडान नीट राखली तर किती वर्षं टिकते, या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा या माणसाच्या स्वभावात जास्त सापडतं, असं माझं मत आहे. गाडीच्या दमाची परीक्षा केव्हाच होऊन गेलेली आहे. ग्रीसमधल्या थेसालोनिकीचे टॅक्सीवाले ग्रेगोरिओस साखिनिडिस यांनी १९७६ सालची मर्सिडीझ २४०डी तब्बल ४६ लाख किलोमीटर पळवली आणि २००४ मध्ये ती थेट कंपनीच्या संग्रहालयात गेली. एवढ्या लांब जायचं नसेल तर मुंबईतच बघा. प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन बंद झालं या शतकाच्या तोंडावर. काळीपिवळी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ ला, आणि टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मुदत भरली म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. इंजिन धडधडत होतं, कॅलेंडर संपलं. काकांच्या सिटीची कुंडली तर याहून सौम्य. दीड लिटरचं इंजिन, त्यातून जेमतेम ७७ हॉर्सपॉवर. आधीच्या व्हीटेक सिटीत ती शंभराच्या वर होती, म्हणून त्या वेळी पोरं हळहळली होती. काका हळहळले नाहीत. "शंभर घोडे घेऊन करायचं काय? गेटपाशीच स्पीडब्रेकर आहे." अशा कमी ताणावर चालणाऱ्या इंजिनाला वेळच्या वेळी ऑइल मिळालं, तर दोन-अडीच लाख किलोमीटर ते कुरकुर न करता जातं, तीन लाखही गाठतं. वर्षाला दहा हजारांच्या हिशेबानं ही पंचवीस वर्षं झाली. मग बहुतेक गाड्या बारा-पंधरा वर्षांतच भंगाराच्या वाटेला का लागतात?

कारण गाडीला मारणारी वस्तू सहसा इंजिन नसतेच. ती असते शे-पाचशे रुपयांची रबरी नळी. कुलंटची नळी वयानं कडक होते, तिला केसाएवढी चीर पडते, थेंब थेंब पाणी जातं, घाटात काटा वर चढतो. मालक म्हणतो, "खाली उतरल्यावर बघू." तोवर हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि नळीच्या बिलाच्या पुढे दोन शून्यं लागतात. त्या बिलाकडे बघून मालक ठरवतो, की गाडी "संपली". ब्रेक ऑइलचंही तेच. ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून दोन-तीन वर्षांनी बदलायचं असतं. पण ते दिसत नाही, वाजत नाही, त्यामुळे आठवतही नाही. टायमिंग बेल्टच्या गाड्यांत तर हा विसराळूपणा फारच महाग पडतो. बेल्ट तुटला की कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. (आपल्या गाडीत बेल्ट नसून चेन आहे, हे काका लग्नाच्या पंगतीतही सांगू शकतात.) थोडक्यात, पाचशेच्या टप्प्यावर जो दखल घेतो त्याची गाडी टिकते, आणि तिथे दखल घ्यायला जो स्वभाव लागतो तो काकांकडे उपजत आहे. तो म्हणजे घाबरटपणा. त्यांना आवाज येतात. "डाव्या बाजूला काहीतरी कुट्कुट करतंय," असं म्हणून ते काच खाली घेतात, रेडिओ बंद करतात, काकूंचं बोलणंही थांबवतात. काकूंना काही ऐकू येत नाही. मेकॅनिकलाही येत नाही. "साहेब, काही नाही, तुम्ही बिनधास्त चालवा," असं तो सांगतो. काका त्याला शेजारी बसवून तीन फेऱ्या मारतात, आणि तिसऱ्या फेरीत लोअर आर्मचं बुश गेलेलं निघतं.

या घाबरटपणाचं दप्तर म्हणजे ती वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, वर तपकिरी कव्हर, आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये गाडीच्या कागदपत्रांच्याही वर ठेवलेली. पहिल्या पानावर गणपती, गाडीचा नंबर, चेसिस नंबर. पुढे प्रत्येक वेळी टाकी फुल केल्याची तारीख, लिटर, किलोमीटर, आणि शेवटच्या रकान्यात दोन दशांश स्थळांपर्यंत अ‍ॅव्हरेज. अधूनमधून शेरे. नमुन्यादाखल एक नोंद: "८१,४६० किमी. ऑइल, फिल्टर. ड्रेन प्लगचा वॉशर जुनाच घालत होता, नवीन घालायला लावला." दुसरी: "प्लग आठ. चारच बदलून आठचे पैसे लावण्याचा प्रयत्न." या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण आठ स्पार्क प्लग असतात, आणि हे ज्याला माहीत नाही असा मेकॅनिक काकांच्या वहीत कायमचा बाद होतो. टायर घेतानाही काका कंपनीच्या नावाआधी बाजूवरचे शेवटचे चार आकडे चष्मा कपाळावर चढवून वाचतात. २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. दुकानदार म्हणतो, "काका, ताजा आहे, आत्ताच आलाय." काका त्याला आठवडा सांगतात. पावसाळ्यात उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवली जातात आणि त्यांच्या बदलीची तारीखही वहीत पडते. घरात तंबाखू आयुष्यात फक्त एवढ्यासाठी आली.

याला लोक कंजूषपणा म्हणतात. हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि सगळ्यांत कच्चाही आहे. खरा कंजूष गाडी टिकवूच शकत नाही. "ऑइल अजून कुठे काळं झालंय" म्हणून तो सर्व्हिसिंग पुढे ढकलतो, आणि काळं होणं हेच ऑइलचं काम आहे, इंजिनातली घाण ते स्वतःत घेतं, हे त्याच्या गावी नसतं. त्याची गाडी ऐंशी हजारातच निळा धूर सोडू लागते. काका भाजीवाल्याकडे कोथिंबिरीवरून दहा मिनिटं घालवतील, रुपया पार्किंगचा असेल तर गाडी अर्धा किलोमीटर लांब लावतील, पण ऑइल डब्याचं सील स्वतः फोडून ओतून घेतील. आकडेही त्यांच्याच बाजूनं आहेत. समजा, नव्या सेडानसाठी बारा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी काढलं, तर महिन्याचा हप्ता पंचवीस हजारांच्या आसपास येतो. जुन्या गाडीवर वर्षाला पन्नास हजार घातले, आणि एवढे घालायला क्लचप्लेट आणि शॉकॅब्सॉर्बर एकाच वर्षी जावे लागतात, तरी ते दोन हप्तेच झाले. उरलेल्या दहा हप्त्यांचं काय करायचं, हा काकांचा प्रश्न आहे आणि त्यांच्या मुलाला त्याचं उत्तर देता आलेलं नाही.

दुसरा आक्षेप मात्र बोचतो. काकांची गाडी एकवीस वर्षांत एक लाख बारा हजार किलोमीटर चालली आहे, म्हणजे वर्षाला साडेपाच हजारांच्या आत. पावसात ती निघत नाही, कारण पत्रा. मंडईत जात नाही, कारण ओरखडे. मुलाच्या हाती जात नाही, कारण मुलगा. विमानतळावर जायला काका रिक्षा करतात. मग टिकली यात नवल ते काय, असं कोणी म्हटलं तर ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा वाईट म्हातारी होते. बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. त्यातून आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, आणि जुन्या नळ्या-सील त्या हिशेबानं बनलेलेच नाहीत. काका म्हणूनच दर रविवारी तिला पंधरा किलोमीटर "पाय मोकळे करायला" नेतात आणि इंजिन पुरतं तापल्याशिवाय परत आणत नाहीत. स्वतःच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी हेच सांगितलंय, ते मात्र होत नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि इथे मी काकांची बाजू सोडतो. देखभालीनं गाडीचं वय थांबतं, तिच्या आराखड्याचं थांबत नाही. भारतात एबीएस आणि ड्रायव्हरपुढची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. त्याच्या पंधरा वर्षं आधीच्या पत्र्याला कितीही पॉलिश मारलं तरी त्यातून एअरबॅग निघणार नाही. "मी साठच्या वर जातच नाही," हे काकांचं उत्तर. समोरून येणाऱ्या ट्रकला ते कळवण्याची सोय नाही. धुराच्या बाबतीतही पीयूसीचा कागद हिरवा असला तरी बीएस सहाच्या नव्या इंजिनाशी त्याची बरोबरी नाही, हे मान्य करावं लागतं. काकांचा धूर वर्षाला साडेपाच हजार किलोमीटरचाच आहे, एवढीच त्यातल्या त्यात सवलत.

राहता राहिला कायदा. दिल्लीत २०१५ च्या हरित लवादाच्या आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची वेस घातली. काका ती बातमी वाचून दोन दिवस जेवले नव्हते, असं काकू सांगतात. महाराष्ट्रात तसं नाही. पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, आणि पाच वर्षं वाढवून घ्यायची. २०१९ मध्ये काकांनी नूतनीकरणाचे सहाशे रुपये भरले. २०२२ च्या एप्रिलपासून त्याचे पाच हजार झाले, ते २०२४ मध्ये भरताना त्यांनी पावती दोनदा वाचली आणि वहीत शेजारी उद्गारचिन्ह काढलं, अख्ख्या वहीतलं एकुलतं एक. आता मुदत २०२९ पर्यंत. मुलानं फोनवर तोडगा काढला, "बाबा, मग २०२९ ला देऊन टाकू." काका हो म्हणाले आणि हिशेबाला बसले. टायर २०२५ मध्ये घातलेत, जपून वापरले तर २०३१ पर्यंत जातील, म्हणजे दोन वर्षांचं रबर फुकट. बॅटरी टायरांच्या आधी, २०२८ मध्ये बदलावी लागणार, मग एका वर्षासाठी नवी बॅटरी कोण घालतं? क्लचप्लेट गेल्या दिवाळीतली, ती तर २०३५ पर्यंत बघायलाच नको. कुठल्याही एका तारखेला सगळे भाग एकदम जुने झालेत असं काही जुळेना. तेव्हा काकांनी वहीचं नवं पान उघडून वर "२०२९ – पासिंग" असं लिहिलं, खाली अधोरेखित केलं, आणि काकूंना हाक मारली, "अगं, दुकानात जाशील तेव्हा एक दोनशे पानी वही आण. कव्हर मी घालतो."