आमच्या साइडने ओके आहे

विंडोजचा रिमोट डेस्कटॉप जोडला गेला नाही की पडद्यावर एक खुलासा येतो. त्यात तीन कारणं असतात. समोरच्या संगणकावर ही सोय चालू केलेली नाही, किंवा तो संगणकच बंद आहे, किंवा तो नेटवर्कवर उपलब्ध नाही. यातलं नेमकं कोणतं, ते ज्याचं त्याने शोधायचं. आणि वाट अडवून बसलेली असते ती बहुधा फायरवॉल, तिचं नाव तिन्ही कारणांत कुठेच नाही. मोठ्या चौकश्यांच्या अहवालांत जे होतं, तेच इथे तीन ओळींत उरकलेलं असतं.

पुण्यातल्या एका मध्यम ऑफिसची गोष्ट घ्या. महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. टॅली ऑफिसातल्या संगणकात, आणि हिशेब पाहणाऱ्या मॅडम तळेगावला घरी, कारण मुलाला कांजिण्या. साहेब मनाने उदार. म्हणाले, "सुट्टी कशाला वाया घालवता मॅडम? घरूनच करा." घरून काम करायला परवानगी मिळणं आणि घरून काम करता येणं, यांच्यामध्ये ३३८९ नंबरचा एक पोर्ट असतो, ही गोष्ट तोवर साहेबांच्या कानावर कुणी घातली नव्हती.

सकाळी नऊला मॅडमना पहिला खुलासा मिळाला. साहेबांनी भाच्याला बोलावलं. प्रत्येक ऑफिसात साहेबांचा एक भाचा असतोच, ज्याला 'कॉम्प्युटरमधलं कळतं'. (हा "मामा" अशी हाक मारतो तेव्हा साहेब आणि शिपाई दोघंही वळून बघतात, ती अडचण निराळी.) भाच्याने स्वतःच्या मोबाइलच्या नेटवरून ऑफिसच्या पत्त्यावर पिंग मारला आणि जाहीर केलं, "पिंग जातोय. म्हणजे सगळं ओके."

त्या पिंगला उत्तर देत होता कपाटावर पडलेला राउटर. आतला संगणक जागा आहे, झोपलाय की भंगारात गेलाय, याची त्याला खबर नसते. शिवाय पिंगच्या व्यवहारात पोर्ट हा प्रकारच नाही, त्यामुळे पिंग पोचला म्हणून ३३८९ उघडा आहे असं मुळीच ठरत नाही. उलट काही फायरवॉली पिंगला दाद देत नाहीत आणि आतलं काम मात्र सुरळीत चालू असतं. पण 'पिंग जातोय' या दोन शब्दांत असा काही दिलासा आहे, की ते ऐकताच पाचसहा माणसांना आपण कामाला लागल्यासारखं वाटतं आणि चहा मागवला जातो.

चहानंतर फोनाफोनी. नेटवर्कचं काम बघणारा म्हणाला, "आमच्या साइडने ओके आहे." इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्रावरची मुलगी म्हणाली, "सर, आमच्या साइडने ओके दाखवतंय." अँटिव्हायरस विकणाऱ्यानेही विचारायच्या आत स्वतःची साइड ओके करून घेतली. एवढ्या ओके साइडा एकत्र आल्या की त्यांतून एक बंद ऑफिस तयार होतं.

मॅडम हिशेबाच्या. आकडा जुळला नाही की त्या कुणालाही फोन करत नाहीत, आकड्याकडे बघत बसतात. त्यांच्या ध्यानात आलं की खुलासा प्रत्येक वेळी तोच असला, तरी तो यायला लागणारा वेळ बदललाय. सकाळी कनेक्ट दाबताच नकार येत होता. दुपारपासून वीसेक सेकंद काहीच होत नव्हतं, मग नकार.

नेटवर्क कळणाऱ्याने इथे कान टवकारायला हवेत. लगेच नकार आला, तर कुणीतरी मशीन आपल्यापर्यंत पोचून 'या दारी तुमचं काम नाही' म्हणालेलं असतं. नुसती शांतता असेल, तर मधे कुणीतरी तुमचा निरोप केराच्या टोपलीत टाकलेला असतो आणि तसं कळवायचीही तसदी घेतलेली नसते. सरकारी कचेरीचा अनुभव असलेल्याला हा फरक शिकवावा लागत नाही. 'नाही' म्हणणारं टेबल सापडलं तर निदान टेबल आहे एवढं कळतं. अर्ज गडप झाला, तर समजावं की तो वरच्या हुशार माणसाच्या हाती लागलाय.

सकाळचा नकार कुणाचा, ते दुपारी उघड झालं होतं. राउटरमध्ये ३३८९ वर येणारा माणूस १९२.१६८.१.१४ कडे पाठवायची नोंद होती. हा पत्ता कधीकाळी टॅलीच्या संगणकाचा होता. पण तो कायमचा बांधून ठेवायचं राहून गेलेलं, त्यामुळे मध्यंतरी वीज जाऊन आल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले आणि .१४ प्रिंटरच्या वाट्याला आला. म्हणजे सकाळभर एम.कॉम. झालेली बाई तळेगावहून प्रिंटरकडे टॅली मागत होती. प्रिंटरने ताबडतोब नकार दिला. तो ऑफिसातही कुणाचं ऐकत नाही.

नोंद दुरुस्त झाली आणि शांतता सुरू झाली. तिचा उगम शनिवारी होता. त्या दिवशी राउटर बदलला, तेव्हा टॅलीच्या संगणकाने विचारलं होतं की या नव्या नेटवर्कवर तुम्ही इतरांना सापडावं अशी इच्छा आहे काय? खुर्चीत तेव्हा शिपाईमामा होते. आयुष्यभर नोकरी करून न सापडण्याचं मोल जाणलेला माणूस. त्यांनी 'नाही' दाबलं. विंडोजने ऑफिसचं नेटवर्क 'सार्वजनिक' म्हणून नोंदवलं आणि रेल्वे स्टेशनवरच्या फुकट वायफायला लावायचे कडक नियम तिथे लागू केले. ३३८९ ला मुभा होती ती फक्त 'खाजगी' नेटवर्कवर. 'सार्वजनिक'चं 'खाजगी' करणं हे या देशात एरवी किती सहज होतं! इथेही दोन क्लिकचंच काम होतं.

पण भाचा म्हणाला, "फायरवॉलच बंद करून बघू." ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टने ही फायरवॉल आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून जगभरचे भाचे ती बंद करून बघताहेत. 'बघू' म्हणून बंद केलेली फायरवॉल पुन्हा चालू झाल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

३३८९ असा थेट जगासमोर उघडा टाकू नये, आधी व्हीपीएनमधून आत यावं आणि मग डेस्कटॉप मागावा, हे नेटवर्कवाल्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने कोटेशनही दिलेलं. साहेबांनी त्यावर 'पुढच्या क्वार्टरला बघू' असं लिहून ठेवलं होतं. याच साहेबांना घरबसल्या सीसीटीव्ही दिसावा म्हणून स्थिर आयपी घेतलेला आणि त्याचा पोर्ट एका दुपारीत उघडलेला. त्या वेळी क्वार्टर आडवा आला नाही.

फायरवॉल गेली आणि थोड्याच वेळात संगणकाच्या सुरक्षा नोंदींत ४६२५ या क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, रांगा लागल्या. administrator, admin, test अशा नावांनी लोक येत होते, ज्यांचा जीएसटीशी दुरूनही संबंध नव्हता. मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ब्लूकीप' नावाचं भगदाड निघालं, त्यातून शिरायला पासवर्डही लागत नव्हता. प्रकरण इतकं गंभीर की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने पोर्टचा नंबर ३३८९ चा ३३९० केला. चोर आता शेजारी विचारणारच नाहीत, अशी त्याची खात्री होती.

रात्री साडेआठला मॅडम एकदाच्या आत शिरल्या. त्याच वेळी साहेब, मॅडम आत आल्या का ते पाहायला, त्याच संगणकासमोर बसले होते. साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकच माणूस बसतो. मॅडम आल्या की साहेबांच्या पडद्याला कुलूप. साहेबांनी मॉनिटरवर चिकटवलेला पासवर्ड बघून टाकला की मॅडम बाहेर. हे बराच वेळ चाललं. दोघंही फोनवर फायरवॉलला शिव्या घालत होते. ती तर केव्हाच बंद होती.

विवरण २१ तारखेला भरलं गेलं. ५० रुपये विलंब शुल्क कोणत्या खात्यात टाकायचं, असं मॅडमनी विचारलं.

"संगणक सुरक्षा," साहेब म्हणाले.