धबधबा चालू आहे का?

पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम साठ किलोमीटरवरच्या ताम्हिणी घाटात २०२४ च्या पावसाळ्यात साडेनऊ हजार मिलिमीटरच्या वर पडला. म्हणजे ढग अरबी समुद्रावरून भरून येतात, सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे होतात आणि पुण्यावरून जाताना नुसतं तोंड दाखवून पुढे सरकतात. हा उघड अन्याय आहे असं पुणेकराचं मत आहे. म्हणून जुलै लागला की तो आपल्या वाट्याचं पाणी निदान डोळ्यांनी तरी पाहून यावं म्हणून घाटाकडे निघतो.

निघतो म्हणजे, निघायचं ठरवतो.

कोथरूडमधल्या एका कुटुंबानं असं ठरवलं. माणसं नऊ: आजोबा, आजी, आई, बाबा, काका, काकू, आत्या, कॉलेजात जाणारी थोरली आणि आठवीतला धाकटा. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. त्याचं नाव काकांनी पहिल्याच दिवशी ‘धबधबा फायनल’ ठेवलं. अजून कुठला धबधबा हेही ठरलेलं नव्हतं, पण पुण्यात कोणतीही गोष्ट फायनल करूनच मग तिच्यावर चर्चा सुरू होते.

पहिलं नाव अर्थातच लोणावळ्याचं आलं, आणि आत्यानं ते उभंसुद्धा राहू दिलं नाही. “भुशी डॅमला रविवारी? त्यापेक्षा गणपतीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडला उभी राहीन. निदान खरेदी तरी होईल.” आजोबांची हरकत वेगळी होती. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. भुशी हा धबधबाच नव्हे, असं त्यांनी ग्रुपवर दोन हप्त्यांत टाइप करून कळवलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला घाटातल्या वाफेच्या इंजिनांसाठी पाणी हवं होतं, म्हणून ते धरण बांधलं. लोक ज्याच्या पायऱ्यांवर बसून भिजतात तो त्याचा सांडवा. “इंजिनं भंगारात गेली. टाकी उरली. तिचं सांडलेलं पाणी अंगावर घ्यायला तुम्ही टोल भरून जाणार.”

बाबांनी मात्र लोणावळ्याचा विषय वेगळ्याच कारणानं बंद केला. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्याच एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती दृश्यं घराघरात पाहिली गेली होती. दुसऱ्याच दिवसापासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, आणि तिच्या कलम १६३ खाली पुणे जिल्ह्यात लगेचच जे आदेश निघाले ते पर्यटनस्थळांबद्दलचे होते. खोल पाण्यात उतरू नये, धोक्याच्या जागी सेल्फी काढू नये, रील करू नये, मद्यपान करू नये. बाबांनी तो आदेश जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवला. रीलचा उल्लेख आल्यावर थोरलीनं ताटात पाहिलं. बाकीच्या कलमांवर सगळ्यांचं एकमत होतं; नाही म्हणायला, मद्यपानाच्या ओळीला काकांनी जरा उशिरा मान डोलावली.

आदेशाविरुद्ध घरात कुणाची तक्रार नव्हती. अडचण निराळीच निघाली. ज्या धबधब्यात पाणी आहे तो बंद असतो आणि जो उघडा आहे त्यात पाणी नसतं, हे काकांच्या एक्सेल शीटमध्ये पहिल्या आठवड्यातच स्पष्ट झालं. भिऱ्याजवळचा देवकुंड पावसाळ्यात बंद. गोव्याकडून जीपनं दूधसागर, तोही पावसाळ्यात बंद. उन्हाळ्यात सगळे उघडे. तेव्हा कातळ पाहायला कुणीही यावं. त्यामुळे घाटाखालच्या ओळखीच्या हॉटेलवाल्यांना फोन गेले की पुणेकर आधी विचारतो, “धबधबा चालू आहे का?” पलीकडचा माणूसही तितक्याच सहजपणे सांगतो, “चालू आहे, पण बंद आहे.” दोघांनाही एकमेकांचं म्हणणं नीट कळतं.

सातारा दोन मिनिटांत निकालात निघाला. ठोसेघरला रस्ता चांगला, कठड्याची सोय आहे, लांबून सुरक्षित पाहता येतो. पण भर पावसात दरी धुक्यानं अशी भरते की काकूंच्या माहेरची मंडळी मागच्या वर्षी अर्धा तास कठड्याला टेकून उभी राहिली आणि धबधबा नुसता ऐकून घरी आली. मग धाकट्यानं नाणेघाट सुचवला. तिथं वारा इतका जोरात वर येतो की पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडतं. आजींना ते पटलं नाही. पण तिथं सातवाहनांच्या नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि जकात गोळा करायचा दगडी रांजणही आहे, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, “दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा घाटात टोल होता म्हणजे. मग आता कशाला कुरकुर करता?”

आता आजोबांची पाळी. ते इतके दिवस स्वतः काही सुचवत नव्हते ते एकाच नावासाठी, गिरसप्पा. नव्या पिढीला जोग फॉल्स म्हटल्याशिवाय कळत नाही, याचंही त्यांना दुःख. शरावती नदी २५३ मीटर खाली कोसळते, चार धारांनी. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट. आजोबांच्या शाळेतल्या भूगोलात हा धबधबा होता आणि तो ‘आपला’ होता. यात तथ्यही आहे. उत्तर कानडा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता आणि शरावतीचा एक काठ त्या जिल्ह्यात येत होता. राज्य पुनर्रचनेत तो गेला. आजोबांनी त्याची नोंद घेतलेली आहे, मान्यता दिलेली नाही.

“अंतर किती?” बाबांनी विचारलं.

“हुबळीपर्यंत तर हायवेच आहे,” आजोबा म्हणाले. जिथपर्यंत हायवे आहे तिथपर्यंतचं अंतर धरायचं नाही, ही त्यांच्या पिढीची पद्धत. प्रत्यक्षात पुण्यापासून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर भरतं, आणि सुट्टी शनिवार-रविवारची. शिवाय थोरलीनं आणखी एक गोष्ट शोधून काढली. १९६४ मध्ये वरच्या अंगाला लिंगनमक्की धरण झालं, तेव्हापासून शरावतीचं बहुतेक पाणी वीजघराकडे वळतं. पावसाळा जोरात असला किंवा धरणातून पाणी सोडलं तरच राजा आणि राणी पूर्वीच्या थाटात दिसतात. एरवी कड्यावरून चार बारीक धारा. आजोबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “भंडारदऱ्याचा अंब्रेला फॉलही असाच. विल्सन धरणाचं दार उघडलं तर आहे, नाहीतर नाही.” हा पराभव होता, पण माहितीसकट.

दूधसागरावर चर्चा सगळ्यांत लांबली, कारण त्यात रेल्वे होती. पुण्याहून थेट गोवा एक्स्प्रेस जाते. मिरज, बेळगाव, लोंडा करत ती कॅसलरॉकहून कुळ्याकडे घाट उतरते. पोर्तुगीजांच्या काळात, १८८८ मध्ये सुरू झालेला हा मार्ग. चढ ३७ मीटरला एक मीटर, म्हणून वर येणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिन लावून ढकलावं लागतं. ३१० मीटरवरून पडणारा दूधसागर रुळांना जवळजवळ खेटून आहे. म्हणजे आपल्या बर्थवर बसून, दशमी आणि दाण्याची चटणी खात, पाय ओले न करता धबधबा. आत्याचा एकच प्रश्न होता, “तिथं सोय आहे का?” आणि डब्याच्या दोन्ही टोकांना सोय होती. इतका निर्दोष बेत त्या घरात पूर्वी कधी झाला नव्हता.

आजोबांनी वेळापत्रक काढलं तिथं बेत गडगडला. पुण्याहून निघालेली गाडी दूधसागरावर पोचते तेव्हा उजाडलेलं नसतं. परतीची गाडी वास्कोहून दुपारी निघते, तिच्यातून मात्र उजेडी दिसतो.

“म्हणजे धबधबा पाहायला आधी झोपेत तो ओलांडून पलीकडे जायचं?” बाबा.

“आणि येताना पाहायचा. त्यात काय बिघडलं?” आई.

बाबांना काय बिघडलं ते सांगता आलं नाही, पण काहीतरी बिघडलंय यावर ते ठाम राहिले.

मधल्या स्टेशनवर उतरून रुळांवरून चालत जाऊ, असं थोरलीनं सुचवून पाहिलं. तिच्या मैत्रिणीच्या भावानं केलं होतं म्हणे. त्यावर आजोबांमधला रेल्वेवाला जागा झाला. जुलै २०२३ मध्ये याच घाटात रुळांवरून दूधसागरकडे निघालेल्या शेकडो पर्यटकांना पोलिसांनी अडवलं आणि कित्येकांना तिथंच उठाबशा काढायला लावल्या. त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. रेल्वेनं रेल्वे कायद्याचं कलम १४७ दाखवून वर सल्ला दिला की सौंदर्याचा आनंद डब्यात बसूनच घ्यावा. आजोबांच्या मते रेल्वेनं आजवर काढलेल्या पत्रकांपैकी हे सर्वांत रसिक पत्रक. उठाबशा काढणाऱ्यांच्या मागे धबधबा मात्र काय सुंदर दिसत होता, असं थोरली पुटपुटली.

मधेच ताम्हिणीनं परत डोकं वर काढलं, कारण ते शेवटी सर्वांत जवळ. चांदणी चौक ओलांडला की पौड रस्ता, मुळशीचं पाणी, पुढे घाट. (चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटानं पाडला, आणि नव्या रस्त्यांच्या जाळ्यात ताम्हिणीला म्हणून चढलेली गाडी साताऱ्याच्या दिशेला लागू शकते, हे काकांच्या सासुरवाडीचे लोक शपथेवर सांगतात.) पण ताम्हिणीचं नाव निघालं की आईला २५ जुलै २०२४ आठवतो. त्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्याला तेवढा व्हायला वर्षातले बरेच महिने लागतात. त्याच दिवशी खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत शिरलं, आणि आईची मावसबहीण तिथंच राहते. पाणी आपण होऊन पुण्यात आलं तेव्हा कुणी भजी तळली नव्हती.

अशाच एका संध्याकाळी आजोबांनी मुळशीचा नकाशा उलगडला आणि एक गोष्ट दाखवली, जी इतक्या वर्षांत घरात कुणाच्या लक्षात आली नव्हती. मुळशीचं धरण टाटांचं. त्यासाठी गावं बुडणार म्हणून १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती त्यातच. धरण तरीही झालं. त्या तळ्याचं पाणी पूर्वेकडे पुण्याला येत नाही. ते बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीखाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरावर पडतं, १९२७ पासून. पडण्याची उंची सुमारे ५०० मीटर.

“म्हणजे गिरसप्पाच्या दुप्पट,” धाकटा म्हणाला.

“जवळजवळ दुप्पट,” आजोबा म्हणाले. ते रेल्वेतले, म्हणून ‘जवळजवळ’ सोडणार नाहीत.

घरात शांतता पसरली. पुण्यापासून दोन-तीन तासांवर इतका मोठा धबधबा बारा महिने चालू आहे. त्याला कलम १६३ लागत नाही, धुकं झाकत नाही, त्याच्यापुढे रील करता येत नाही. एकच उणीव, की तो नळात आहे. शिवाय भिऱ्याला पाणी परत वर चढवायचीही सोय आहे. उलटा धबधबा हवा तर नाणेघाटच कशाला, असं आजोबा म्हणाले. तिथं वारा चढवतो, इथं मोटर.

काकांना त्याहून मोठा शोध लागला. वीज करून झाल्यावर ते पाणी कुंडलिका नदीत सोडतात, आणि कोलाडजवळचं राफ्टिंग त्यावरच चालतं. पाणी सोडायची वेळ सकाळची. वेळेवर येणारी, वेळेवर ओसरणारी, ढगांवर अवलंबून नसलेली नदी! पुणेकर मनुष्याला निसर्गाकडून आजवर जी एक अपेक्षा होती ती टाटांनी शंभर वर्षांपूर्वीच पुरी करून ठेवली होती. काकांनी तत्काळ दोन राफ्टचा हिशेब मांडला. पण आजींना हेल्मेट घालून रबरी होडीत बसवायचं, ही कल्पना आजी सोडून कुणालाच झेपली नाही.

शेवटी ठरलं ते असं: घाई नको. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की कुळ्याहून वनखात्याच्या परवानगीच्या जीप सुरू होतात, लाइफ जॅकेट मिळतं, दूधसागरात तेव्हा पाणीही बऱ्यापैकी असतं. गाडी रात्रीची असली तरी चालेल, धबधबा दुसऱ्या दिवशी जीपनं. आक्षेप कुणाचाच नव्हता. मग काकांनी बारीक अक्षरं वाचली. एका जीपमध्ये माणसं सात. आणि पैसे द्यायचे जीपचे, माणसागणिक नाही.

नऊ उणे सात. दुसऱ्या जीपचं भाडं दोघांसाठी भरायचं, हे त्या घरात शक्य नव्हतं. प्रश्न आजींनीच सोडवला. तिथून जवळच तांबडी सुर्ला इथं महादेवाचं कदंबांच्या काळातलं देऊळ आहे. त्यांना मुळात तेच पाहायचं होतं, धबधब्याचं तुमचं चालू द्या. सोबत आत्या जाईल, कारण देवळापाशी सोय असल्याचं तिनं फोन करून विचारून घेतलं होतं. दोघी तिकडे, सात जण जीपमध्ये. काकांचं शीट पहिल्यांदाच हिरवं झालं.

तासाभरात आजोबांचा मेसेज आला की ते देऊळ काळ्या बसाल्टचं आहे आणि तो दगड घाटापलीकडून आणला असं म्हणतात, तेव्हा तिथं आपण असणं आवश्यक आहे. त्यामागोमाग काकूंनीही ‘मीपण देऊळ’ एवढंच लिहून नमस्काराचं चिन्ह टाकलं. ग्रुपचं नाव आता ‘धबधबा फायनल ३’ आहे, आणि त्यावर काकांची शेवटची सूचना अशी आहे: “जीपमध्ये सध्या पाचच जण आहेत. माणशी खर्च वाढत आहे. तरी देवळाच्या मंडळींपैकी कोणाही दोघांनी आपल्याला धबधबा आवडतो असं शुक्रवारपर्यंत कळवावं.”