सरांचा वाघ्या

तुळजापुरात "वाघ्याऽऽ" अशी हाक मारली, की फक्त कुत्रंच वळेल याची खात्री नसते. आमच्या पीटीच्या सरांनी एका मंगळवारी भर गर्दीत ही हाक मारली आणि गळ्यात भंडाऱ्याची पिशवी अडकवलेला एक म्हातारा वाघ्या अदबीनं पुढं आला. "बोला मालक, तळी भरायची का?"

"तुम्हाला नाही हो, कुत्र्याला," सर म्हणाले.

म्हातारा चिडला नाही. "खंडोबाच्या दारात आमीबी कुत्रंच की," म्हणाला आणि निघून गेला. सरांना उत्तर सुचलं नाही. मी दुकानात परड्या लावत होतो, त्या तशाच हातात राहिल्या. सरांना उत्तर सुचलं नाही असं मी शाळेत असताना एकदाही पाहिलं नव्हतं.

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेनं शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. शिट्टी सरांनी आपणहून ठेवून घेतली. अंगात तोच निळा ट्रॅकसूट, पायात तेच पांढरे कॅनव्हासचे बूट. बोलणं सगळं आज्ञार्थी. काकूंना चहा मागतानासुद्धा "चहा, आण!" असं दोन हिसक्यांत म्हणतात, मधे "सावधान"साठी असते तेवढी जागा सोडून. एकूण नोकरीत त्यांनी एकच सिद्धांत सांभाळला: सूचना देणारा चुकत नसतो. रांग वाकडी झाली तर पोरं वाकडी. कबड्डीत हरलो तर पोरं मरतुकडी. पाऊस पडून संचलन रद्द झालं तेव्हाही आम्ही नाराजीनं उभे राहिलो असा ठपका आमच्यावरच आला होता.

आठवीत लाकडी घोड्यावरून उडी मारायची होती. मी घोड्यापर्यंत पोचलोच नाही, अलीकडं वाळूत तोंडावर पडलो. उठून म्हणालो, "सर, फळी लांब ठेवलीय."

"फळी लांब नाही. तू आखूड आहेस," असं म्हणून त्यांनी दोन छड्या दिल्या. फळी हातभर लांब होती. हे मी आजही शपथेवर सांगेन.

तर असे सर कुत्र्याच्या नादी लागले. आधी ते जर्मन शेफर्ड म्हणत होते. मग कुणीतरी सांगितलं की पोस्टानं २००५ साली मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं होतं. झालं, सरांचा स्वदेशीचा कणा ताठ झाला. मुधोळकर मालोजीराव घोरपड्यांनी ही कुत्री थेट पंचम जॉर्जला नजर केल्याची गोष्ट तेव्हापासून आम्ही प्रत्येकानं किमान चारदा ऐकली आहे. आपल्याकडं याच रक्ताच्या कुत्र्यांना कारवान म्हणतात, पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ त्यांच्यासाठी नावाजलेलं. सरांनी तिथून दोन महिन्यांचं पिल्लू आणलं, एसटीत, मांडीवर, टॉवेलात गुंडाळून. कुलदैवत अणदूरचा खंडोबा, म्हणून नाव वाघ्या. देव वर्षातले बरेच महिने अणदूरला आणि उरलेले नळदुर्गला असतो. वाघ्याचा मुक्कामही तसाच ठरला: एरवी अंगणात, पावसाळ्यात सरांच्या गादीवर.

पश्मीची एक अडचण आहे. कितीही खाऊ घाला, ते दुष्काळातूनच आल्यासारखं दिसतं. खोल छाती, आत गेलेलं पोट, मोजता येतील अशा बरगड्या. वाऱ्यावर पळणाऱ्या कुत्र्याची तीच घडण. पण हे गल्लीला कोण सांगणार? येणारा-जाणारा थांबायचा. "सर, पेन्शन वेळेवर येत नाही का?" समोरच्या आजी रोज कुंपणावरून तूप लावलेली चपाती टाकायच्या आणि वाघ्याच्या आधी सर ती उचलायचे. उचलून काय करायचे ते माहीत नाही, पण वजन सरांचं वाढलं.

पुण्याहून भाची आली आणि तिनं मोबाइलवर अ‍ॅजिलिटी दाखवली. कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मधल्या वेळात लोकांची करमणूक म्हणून कुत्र्यांना घोड्यांसारख्या उड्या मारायला लावल्या, तिथून हे सुरू झालं. उड्या, बोगदा, तिरप्या फळ्या, सीसॉ, ओळीनं रोवलेल्या काठ्यांतून नागमोडी पळणं, आणि सगळं घड्याळ लावून. सर बघत राहिले. पुन्हा एकदा अडथळे, पुन्हा एकदा शिट्टी! त्यांचे डोळे पाणावले असं काकू म्हणतात. मला ते जास्तीचं वाटतं.

आठ दिवसांत नळदुर्ग रोडच्या त्यांच्या रिकाम्या प्लॉटवर मैदान उभं राहिलं. नळाच्या दुकानातून पांढरे पाइप, टमाट्याच्या मळ्यातून बांबू, कुणाच्या तरी बांधकामावर उरलेला सिमेंटचा मोठा पाइप हा बोगदा, आणि जुन्या घराचं दार मधोमध टेकवून सीसॉ. चढत्या-उतरत्या फळीच्या टोकाला पिवळा पट्टा लागतो. तिथं पाऊल टेकवल्याशिवाय कुत्र्यानं उडी मारली तर गुण जातात. सरांनी झकास पिवळा ऑइलपेंट मारला. सकाळी बघतात तर फळीवर पाच बोटं कुंकू आणि खाली दोन पेढे. समोरच्या आजींना तो भंडारा वाटला होता. पेढ्यांचं काय झालं हेही मला माहीत नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं, हाडं पक्की होईपर्यंत, म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष, उंच उड्या बंद. त्यामुळं कित्येक महिने पाइप जमिनीवर आडवा आणि वाघ्या त्यावरून नुसता चालत जायचा. सर कडेला उभे राहून ओरडायचे, "शाब्बास! उडी!" रस्त्यावरून जाणाऱ्या टमटमा थांबायच्या.

बक्षीस देण्याच्या नेमक्या क्षणी 'टक्' असा आवाज करायचं एक खेळणं मिळतं. सरांनी ते घेतलं नाही. हजेरीचं बटणाचं लाल पेन काढलं. ज्या टकटकीनं आमच्या पोटात गोळा यायचा, तीच टकटक ऐकली की वाघ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. उकडलेल्या अंड्याचा तुकडा मिळतो ना.

खरी पंचाईत पुढं झाली. या खेळात पट्टा नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही, मैदानात खाऊ दाखवायचा नाही. बरोबर पळायचं आणि आवाजानं, अंगाच्या वळणानं वाट दाखवायची. कुत्रं शब्दापेक्षा आपले खांदे आणि पाय बघतं. सर तोंडानं "उजवीकडं" म्हणत आणि त्यांचे बूट डावीकडं. वाघ्या बुटांवर विश्वास ठेवून डावीकडं. सर शिट्टी फुंकत. शिट्टी ऐकून वाघ्या बसे, कारण ते त्याला आधी शिकवलं होतं.

"कुत्रं मठ्ठ आहे," सर भाचीला फोनवर म्हणाले. व्हिडिओ पाहून ती म्हणाली, "मामा, या खेळात चूक कुत्र्याची धरत नाहीत. पळवणाऱ्याची धरतात." सरांनी फोन ठेवून दिला. दोन दिवस मैदान बंद. तिसऱ्या दिवशी पहाटे कुंपणापलीकडं ससा उठला आणि गुडघाभर पाइपापुढं रोज विचार करणारा वाघ्या चार फुटी भिंत न शिवता ओलांडून गेला. अर्ध्या तासानं जीभ बाहेर काढून, सशाशिवाय, परत आला. सर तेवढा वेळ भिंतीकडं बघत उभे होते.

परवा पौर्णिमेची गर्दी ओसरल्यावर मी प्लॉटवर गेलो. वाघ्या आता सव्वा वर्षाचा. बोगद्यातून बाणासारखा बाहेर यायचा आणि पुढचा पाइप दर वेळी पाडायचा. तीनदा पाडला. मी छडीची वाट पाहत होतो, जुनी सवय. सर गुडघ्यावर बसले. काळ्या मातीत वाघ्याचे पंजे उठले होते. मागचे दोन खोल, जिथून त्यानं अंग उचललं तिथं. सरांनी तिथून पाइपापर्यंत वीत-वीत मोजलं. मग पाइप एक पाऊल मागं सरकवला आणि वाघ्याचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाले, "माझंच चुकलं रे. जवळ लावला होता."

वाघ्यानं पुढची उडी स्वच्छ मारली. टक्. अर्धं अंडं.

मी तिथंच उभा होतो. सरांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बघतोस काय? तो दुसरा पाइप उचल," म्हणाले.

मी उचलला.